कला महाविद्यालयात एक मूळ संख्या

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी मी एक छोटासा मजकूर दिला होता. विषय होता एक संख्या: १२३४५६७८९१०९८७६५४३२१. दोन दिवसांनी मजकूर परत आला. कोपऱ्यात शिसपेन्सिलीने शेरा होता, "हे कला महाविद्यालय आहे. इथे आकडे नकोत." शेरा मारणारी माझी मैत्रीणच. तिचा माझ्यावर राग नाही आणि माझा तिच्यावर नाही. पण त्या शेऱ्याशी मात्र माझे भांडण आहे, आणि ते आज मी या वार्षिकाच्या पानांवर घेऊन आले आहे.

वाचकहो, या संख्येची आणि माझी ओळख जुनी आहे. अपमानातून झालेली आहे. नववीत असतानाची गोष्ट. गणिताच्या सरांनी फळ्यावर एक गंमत मांडली. ११ गुणिले ११ म्हणजे १२१. १११ गुणिले १११ म्हणजे १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. पायऱ्या चढाव्यात आणि उतराव्यात तसे आकडे! सर पुढे पुढे जात राहिले आणि नऊ वेळा एक लिहून त्याचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ असा त्यांनी मांडला, तेव्हा वर्गातल्या शेवटच्या बाकावरची मंडळीही टक लावून पाहू लागली. मग सरांनी विचारले, "आता दहा वेळा एक. सांगा पाहू कोण सांगतो?" मी हात वर केला, फळ्यापाशी गेले आणि मोठ्या ऐटीत नवाच्या पुढे दहा लिहून पुन्हा खाली उतरले: १२३४५६७८९१०९८७६५४३२१.

सर हसले. वर्ग हसला. सरांनी त्यावर आडवी फुली मारली आणि म्हणाले, "गुणाकार करून बघ." मी केला. उत्तर आले १२३४५६७९००९८७६५४३२१. यातला आठ गेला कुठे? मध्येच दोन शून्ये कुठून आली? विचारायला तोंड उघडले आणि तास संपल्याची घंटा झाली. सरांचे काही चुकले नव्हते. उत्तर खरोखरच चूक होते. पण 'का' हा प्रश्न तसाच राहिला. दहावी झाल्यावर मी गणिताला रामराम ठोकला आणि कला शाखेत आले.

त्या 'का'चे उत्तर मला पुढे घरीच सापडले, आणि ते अगदी साधे आहे. उभा गुणाकार मांडला की मधल्या घरात दहा एक एकाखाली एक येतात. दहाची बेरीज एका घरात मावत नाही. शून्य लिहावे लागते आणि हातचा एक शेजारच्या नवात जातो. नवाचे दहा होतात. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. तो आठात जातो आणि आठाचे नऊ होतात. म्हणून आठ नाहीसा झाला. नऊ वेळा डोळ्यांदेखत खरी ठरलेली गोष्ट दहाव्या वेळी मोडली, ती एका हातच्यामुळे!

आणि मग कळले ते त्याहून नवलाचे. सरांनी फुली मारलेली माझी ती चुकीची संख्या ही एक मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला दुसरा कोणताही विभाजक नाही. नऊपर्यंतची सुंदर, बरोबर संख्या ही तर उघडच भाग जाणारी, कारण ती कुणाचा तरी वर्ग आहे. दहाची खरी संख्याही वर्गच. मात्र दोहोंच्या शेजारी चुकून उभी राहिलेली ही वीस अंकी संख्या अभंग. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त दिलेल्या संख्यानामांत सर्वांत मोठे नाव परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्ये. त्या मापाने ही एकशे तेवीस परार्धांहून मोठी होते.

आता कोणी म्हणेल, कशावरून? हा प्रश्न योग्य आहे, आणि माझ्या मते सगळे मर्म याच प्रश्नात आहे.

मीही वहीच्या मागच्या पानावर प्रयत्न केला. शेवटी एक आहे, तेव्हा दोन आणि पाच बाद. अंकांची बेरीज ९१. तिला तीनाने भाग जात नाही, तेव्हा तीन बाद. सात, अकरा आणि तेरा यांसाठी एक जुनी युक्ती आहे. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करावेत आणि आळीपाळीने अधिक-उणे करावेत. ३२१ वजा ६५४ अधिक ९८७ वजा ९१० अधिक ६७८ वजा ३४५ अधिक १२. हाती ८९ उरतात. ८९ ला सातानेही भाग जात नाही, अकराने नाही, तेराने नाही, तिन्ही बाद. एका संध्याकाळी एवढे जमले. पण असे किती दिवस करीत बसावयाचे? नियम असा की संख्येच्या वर्गमुळापर्यंतचे सगळे मूळ विभाजक तपासावे लागतात. हिचे वर्गमूळ तीनशे एक्कावन्न कोटींच्या पुढे जाते, आणि तिथपर्यंत सोळा कोटींहून अधिक मूळ संख्या आहेत. मिनिटाला एक भागाकार, रात्रंदिवस, न जेवता न झोपता केला तरी तीनशे वर्षे पुरायची नाहीत. शिवाजीमहाराजांच्या काळात कोणी बसला असता तर कदाचित आता आटोपत आला असता! आजचा संगणक हे काम डोळ्याचे पाते लवण्याच्या आत करतो, आणि तोही सगळे भागाकार करीत बसत नाही. तो कसे करतो याकडे वळण्यापूर्वी एका गृहस्थांची आठवण काढायला हवी.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचे नाव पुष्कळांनी ६१७४ या संख्येमुळे ऐकले असेल. १९०५ साली डहाणूला जन्मलेले, ठाण्याला शाळा शिकलेले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेलेले आणि १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे देवळालीला शाळामास्तर म्हणून नोकरी केलेले हे गृहस्थ. विद्यापीठातील पद नाही, पदव्युत्तर पदवी नाही. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, मात्र चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येऊन थांबता. ही गोष्ट कापरेकरांनी शोधून काढली आणि १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली.

माझ्या फळ्यावरच्या त्या पायऱ्यासुद्धा कापरेकरांच्याच वाटेवरच्या निघाल्या. १२१, १२३२१ या जातीच्या संख्यांचा त्यांनी अभ्यास केला आणि त्यांना 'डेमलो संख्या' असे नाव दिले. हे नाव मुंबईपासून तीस मैलांवरच्या, त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेवरील एका स्टेशनाचे. हे विचार त्यांना त्या स्टेशनावर सुचले, आणि ते स्टेशन म्हणजेच आजचे डोंबिवली, असे सांगतात. डोंबिवली म्हणजे आमच्या भिवंडी तालुक्याच्या खाडीपलीकडचे गाव! राहनाळच्या मुलीला फळ्यावर रडवणारी संख्या खाडीच्या त्या तीरावर जन्माला आली असेल, या कल्पनेने मला उगाचच बरे वाटले. एरवी आमच्या भागाचे नाव निघते ते यंत्रमागांच्या खडखडाटासाठी, नाहीतर गोदामांसाठी.

डेमलो संख्यांच्या मुळाशी आहेत एकांच्या रांगा: ११, १११, ११११ आणि पुढे. या रांगांपैकी मूळ कोणत्या? ११ ही मूळ आहे. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. ११११ म्हणजे ११ गुणिले १०१. १११११ म्हणजे ४१ गुणिले २७१. सहा एकांचे सहज दोन तुकडे पडतात, १११ गुणिले १००१. यातून एक नियम हाती येतो: रांगेतील एकांची संख्याच जर संयुक्त असेल तर रांगही संयुक्त. तेव्हा मूळ रांग हवी असेल तर एकांची संख्या मूळ असावीच लागते. पण एवढ्याने भागत नाही. सात ही मूळ संख्या. पण सात एकांची रांग २३९ आणि ४६४९ यांच्या गुणाकाराने मोडते. अकरा एकांची मोडते, तेरांचीही मोडते, सतरांचीही. दोनानंतर टिकते ती थेट एकोणीस एकांची. मग तेवीसांची. आणि त्यानंतर तीनशे सतरा एकांपर्यंत सामसूम! ती ३१७ एकांची रांग मूळ आहे हे ह्यू विल्यम्स यांनी १९७७ मध्ये सिद्ध केले. पुढची १०३१ एकांची. तिची सिद्धता विल्यम्स आणि हार्वे डब्नर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केली. कापरेकर वारले तेही याच साली.

आता माझ्या मनात घर करून बसलेली गोष्ट सांगते. डब्नर यांनी १९९९ मध्ये ४९,०८१ एकांची रांग शोधली आणि ती मूळ असावी असे जाहीर केले. 'असावी' हा शब्द लक्षात घ्या. तिने सगळ्या चाचण्या पार केल्या होत्या. ती संयुक्त निघण्याची शक्यता इतकी थोडी की व्यवहारात आपण तिला शून्यच म्हणू. तरीसुद्धा गणिताच्या जगाने तिला 'मूळ' म्हटले नाही. 'बहुधा मूळ' या वेगळ्या यादीत तिला बसवून ठेवले. तेवीस वर्षे! २०२२ मध्ये पूर्ण सिद्धता हाती आली तेव्हा कुठे तिच्या नावापुढचा 'बहुधा' खोडला गेला. पुढच्या वर्षी ८६,४५३ एकांच्या रांगेचेही तसेच झाले. भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर एका क्षणात दहा जणांना पुढे पाठवणाऱ्या माझ्यासारखीला ही तेवीस वर्षे फार बोचली.

एवढा हट्ट कशासाठी? कारण साक्षीदार खोटे बोलतात. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचा सतराव्या शतकातील एक नियम आहे. संख्या विषम आणि मूळ असेल, तर दोनाचा तिच्याहून एकाने कमी इतका घात घेऊन त्या संख्येने भागल्यास बाकी एक उरते. म्हणजे भागाकार न करता तपासण्याची सोय झाली: बाकी एक आली नाही तर संख्या मूळ नाही. पण बाकी एक आली तर ती मूळच असते काय? ३४१ ही संख्या घ्या. दोनाचा दहावा घात १०२४. त्याला ३४१ ने भागले की बाकी एक. तेव्हा हे दहा-दहाचे चौतीस गट एकमेकांशी गुणले, म्हणजे ३४० वा घात घेतला, तरी बाकी एकच राहणार. ३४१ चाचणीत उत्तीर्ण! आणि ३४१ म्हणजे आहे काय, तर ११ गुणिले ३१. दोन हा साक्षीदार इथे चक्क फितूर झाला. तीन या साक्षीदाराला विचारले तर तो ३४१ ला पकडतो. पण ५६१ सारख्या काही संख्या अशा बेरकी आहेत की त्यांचा स्वतःचा विभाजक गाठीशी असलेले सोडून बाकीचे सगळे साक्षीदार त्यांच्या बाजूने बोलतात. पुढे याहून कडक उलटतपासणीच्या रीती निघाल्या. पण कोणत्याही संख्येबद्दल, कोणत्याही अप्रमाणित गृहीतावर न विसंबता, नक्की आणि वाजवी वेळात निकाल देणारी रीत आहे की नाही, हा प्रश्न २००२ पर्यंत उघडा होता. तो सोडवला कानपूरच्या आय. आय. टी. तील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी. त्यांपैकी कयाल आणि सक्सेना हे दोघे नुकतेच बी. टेक. झालेले, म्हणजे आमच्या तृतीय वर्षाच्या मुलांहून काही फार मोठे नव्हेत.

आमचे बाबा राहनाळच्या एका गोदामात माल मोजून घेण्याचे काम करतात. एकदा मी त्यांना ही तेवीस वर्षांची हकीकत सांगितली. मला वाटले होते ते हसतील. ते म्हणाले, "बरोबर आहे की. गाडीतनं नऊ खोकी बरोबर उतरली म्हणून दहावं न बघता सही करतो का आपण? सही केली की माल आपल्या अंगावर." मला फळ्यावरचा तो दहावा एक आठवला.

युक्लिडला दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ठाऊक होते की मूळ संख्या कधी संपत नाहीत. त्याची युक्ती अशी: तुमच्याकडे असतील तेवढ्या मूळ संख्यांचा गुणाकार करा आणि एक मिळवा. आलेल्या संख्येला तुमच्या यादीतल्या कुणानेही भाग जाणार नाही, कारण बाकी एक उरते. तेव्हा यादीबाहेरची एखादी मूळ संख्या असलीच पाहिजे. चार ओळींत संपले! आता पाहा. दोन अधिक एक म्हणजे ३. दोन गुणिले तीन, अधिक एक म्हणजे ७. पुढे ३१, मग २११, मग २३११. पाचही मूळ. कुणालाही वाटेल की या रीतीने नेहमी मूळ संख्याच मिळते. मीही तसेच धरून बसले होते. सहावी येते ३००३१, आणि ती ५९ गुणिले ५०९ निघते. युक्लिडचा सिद्धान्त त्यामुळे जराही ढळत नाही. ५९ आणि ५०९ यादीबाहेरच्याच आहेत. ढळतो तो आपला उतावळा समज.

कला शाखेत आपण काय करतो? दोन कादंबऱ्या वाचून एका पिढीचे मन सांगतो, तीन गावे पाहून समाजाचा स्वभाव ठरवतो. प्रश्नपत्रिकेत "सोदाहरण स्पष्ट करा" असे असते, आणि उदाहरण दिले की सिद्ध झाले असे आपण समजतो. इतिहासात किंवा साहित्यात गणितासारखी सिद्धता मिळत नाही, मिळणारही नाही, हे मला कळते, आणि तशी ती मागावी असे माझे म्हणणेही नाही. पण पूर्ण खात्री म्हणजे काय चीज असते, हे ज्याने आयुष्यात एकदाही पाहिलेले नाही त्याला आपल्या 'बहुधा'ची जातही ओळखता येणार नाही. मोठी मूळ संख्या आमच्या भित्तिपत्रकावर यावी असे मला वाटते ते एवढ्याचसाठी.

इतिहासाच्या तासाला आपण दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव आदराने घेतो. गोव्याच्या कोसबेन गावी १९०७ मध्ये जन्मलेले, प्राचीन भारताच्या इतिहासाला नवी दृष्टी देणारे हे विद्वान पेशाने गणितज्ञ होते, हे आपल्यातील किती जणांना ठाऊक आहे? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते १९४६ पासून सोळा वर्षे होते. मूळ संख्यांनी त्यांना अखेरपर्यंत सोडले नाही. त्यांवरचे काही लेखन त्यांनी एस. डुक्रे या टोपणनावाने प्रसिद्ध केले. मूळ संख्यांच्या वाटणीविषयी रीमान यांचे १८५९ चे एक विख्यात अनुमान आहे. संभाव्यतेच्या मार्गाने त्याच्याकडे जाणारा कोसंबींचा निबंध १९५९ मध्ये कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात आला. तो युक्तिवाद गणितज्ञांनी स्वीकारला नाही. कोसंबींची विद्वत्ता केवढी! पण विद्वत्तेला मान देऊन पायरी गाळण्याची सवलत तिथे मिळत नाही. ते अनुमान आजही सिद्ध झालेले नाही. कोसंबी इतिहासात पुराव्याबद्दल इतके काटेकोर का, याचा विचार करताना ही दुसरी बाजू आपल्या अभ्यासक्रमात असती तर बरे झाले असते, असे मला वाटते.

माझ्या बाजूने बोलणारे काही मित्र एक वेगळेच समर्थन पुढे करतात. ते म्हणतात, "अगं, मूळ संख्या उपयोगी असतात असं लिही, म्हणजे छापतील." उपयोगी असतात हे खरे. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये शोधलेल्या गुप्तलेखनाच्या रीतीत तीनतीनशे अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार उघड ठेवतात. गुणाकार करणे सोपे. त्यातून मूळ दोघी परत वेगळ्या काढणे महाकठीण. संगणकाच्या जाळ्यावरून होणाऱ्या अनेक व्यवहारांना या अडचणीचे कुलूप असते. पण या समर्थनाचा आधार घ्यायला माझे मन घेत नाही. भित्तिपत्रकावर कविता लावताना तिचा उपयोग काय, असे आपण विचारीत नाही. मग संख्येलाच नोकरीचा दाखला का मागावयाचा? कापरेकर देवळालीला मुलांच्या वह्या तपासून झाल्यावर संख्या मांडत बसत, ते काही कुठल्या बँकेच्या सोयीसाठी नव्हे. शिवाय कोट्यवधी अंकांच्या ज्या प्रचंड मूळ संख्या शोधल्या जातात, त्या या कुलपांच्या कामी येतच नाहीत. एवढी मोठी किल्ली कुणाला पेलणार?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो गणितवाल्यांकडूनच येतो. हा अंकांचा खेळ आहे, त्यात खोल काही नाही. कापरेकरांनाही त्यांच्या हयातीत हेच ऐकावे लागले. भारतातील बऱ्याच गणितज्ञांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले. त्यांचे लेखन लहानसहान नियतकालिकांतून किंवा स्वतः छापलेल्या पुस्तिकांतून आले. अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले तेव्हा बाहेरच्या जगात त्यांचे नाव झाले. परक्याने पाठ थोपटल्यावर आपल्याला आपला माणूस दिसतो, ही आपली जुनी खोड!

पण आक्षेपात तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. ६१७४ ची गंमत आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून आहे. माणसाला आठच बोटे असती तर ती संख्या कोणाच्या ध्यानीमनीही आली नसती. मूळपणाचे तसे नाही. अकरा खडे कसेही मांडा, त्यांच्या सारख्या लांबीच्या ओळी होत नाहीत. मग तो आकडा देवनागरीत लिहा, रोमन लिपीत लिहा की संगणकाच्या दोनच अंकांत १०११ असा लिहा. लिहिण्याच्या रीतीवर अवलंबून असलेला गुण आणि संख्येच्या अंगचा गुण यांत फरक आहे. माझी वीस अंकी संख्या दिसायला देखणी आहे ती दहाच्या लिखाणामुळे. अभंग आहे ती मात्र स्वभावानेच.

आणि तरीही त्या खेळाला मी क्षुल्लक म्हणणार नाही. कापरेकरांच्या एकांच्या रांगा संगणकाच्या दोन अंकी लिखाणात मांडून पाहा. तिथे ११ म्हणजे तीन, १११ म्हणजे सात, ११११ म्हणजे पंधरा, १११११ म्हणजे एकतीस. दोनाचा कोणताही घात घेऊन एक वजा केला की अशीच एकांची रांग मिळते. या जातीच्या मूळ संख्यांना सतराव्या शतकातील मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूचे नाव आहे, आणि जगातील विक्रमी मूळ संख्या बहुतेक याच घराण्यातून येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट यांनी शोधलेली संख्या तोवरच्या सर्व ज्ञात मूळ संख्यांहून मोठी होती: दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात वजा एक. आपल्या नेहमीच्या लिखाणात तिचे अंक होतात ४,१०,२४,३२०. या वार्षिकाच्या एका पानावर तीन हजार अंक बसवले तरी ती छापायला साडेतेरा हजारांहून अधिक पाने लागतील. आमच्या संपादक मंडळाने घाबरून जाऊ नये, मी तेवढा मजकूर दिलेला नाही! आणि दोन अंकांच्या लिखाणात ती काय आहे? तेरा कोटी बासष्ट लक्ष एकोणऐंशी हजार आठशे एक्केचाळीस एक, एकापुढे एक, मध्ये एकही शून्य नाही. देवळालीच्या मास्तरांच्या वहीतील रांगेची ही सख्खी बहीण.

अशा रांगा अनंत आहेत की कुठेतरी संपतात? दहाच्या लिखाणातील असोत की दोनाच्या, कुणालाही माहीत नाही. अर्थशास्त्राच्या आमच्या एका प्राध्यापकांना मी हे सांगितले तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे शाळेतल्या मुलालाही समजेल असा प्रश्न, आणि उत्तर कुणाकडेच नाही?" पुढचा तास त्यांचाच होता, ते पाच मिनिटे उशिरा वर्गात गेले.

माझे मागणे फार मोठे नाही. गणिताचा पेपर नको, गुण नकोत, सक्ती तर मुळीच नको. भित्तिपत्रकाच्या कोपऱ्यात पंधरवड्याला एक हातभर जागा असावी. तिथे एक संख्या, तिच्याविषयी काय ठाऊक आहे, काय नुसते वाटते आणि काय सिद्ध झाले आहे, हे वेगवेगळे लिहिलेले असावे. खाली कोरी जागा ठेवावी. ज्याला प्रश्न विचारायचा त्याने तिथे लिहावा. प्राध्यापकांनीही लिहावा. नववीतल्या माझ्यासारख्या एखादीचा 'का' घंटेमुळे राहून गेला असेल तर तिने तो इथे येऊन विचारावा.

यंदाच्या भित्तिपत्रकासाठी मी तोच कागद पुन्हा नेऊन दिला आहे. शिसपेन्सिलीचा शेरा पुसलेला नाही. मजकुरात फक्त एक दुरुस्ती केली. गेल्या वर्षी त्या वीस अंकांखाली मी "ही मूळ संख्या आहे असे म्हणतात" असे लिहिले होते. आता 'असे म्हणतात' हे शब्द खोडले आहेत. मैत्रिणीने कागद घेतला, संख्या एकदा वर चढून खाली उतरून वाचली आणि म्हणाली, "यात मध्ये शून्य कशाला गं?"